रात्र जागणारे दोघे

नमस्कार मंडळी. आज मी एका प्रेमकथेविषयी बोलणार आहे. ती अजून कुणी लिहिलेली नाही, पण लिहायला हवी असं मला फार मनापासून वाटतं. एक मुलगा पार्ट्यांमध्ये रमणारा, दुसरा बुजरा, आपल्या अभ्यासात बुडालेला. दोघं एकमेकांच्या प्रेमात पडतात. शहर पुणे, काळ आजचा.

विरुद्ध स्वभावांची जोडी आपल्याला नवी नाही. मुलगा-मुलीच्या कितीतरी कथांत ती येऊन गेली. त्यामुळे दोन मुलग्यांची कथा लिहिणाराही तोच साचा उचलतो. दंगेखोराला शहाणं करायचं, बुजऱ्याला बोलकं करायचं, की झाली कथा. पुण्यात हा साचा बसत नाही असं माझं मत आहे. इथे या दोन मुलांतला फरक स्वभावाच्या आधी पत्त्याचा आहे.

सोयीसाठी त्यांना नावं देऊ. बुजरा तो सौमित्र. सदाशिव पेठेत वाडा पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीत राहतो. घरात आई, बाबा, आजी, वरच्या मजल्यावर काका-काकू. जिन्यात चप्पल वाजली की कोण आलं ते चार घरांना कळतं. लक्ष्मी रस्त्यावर मावशी भेटते, अप्पा बळवंत चौकात शाळेतले सर भेटतात. दुसरा विक्रम, लातूरचा. खराडीत नोकरी, विमाननगरला फ्लॅट, शनिवारची रात्र कोरेगाव पार्कात. त्याचं घर रात्रभराच्या बसच्या अंतरावर आहे आणि त्या अंतराच्या जिवावर तो नाचतो. लातुरात असताना तोही मान खाली घालूनच चालायचा. आता सांगा, या दोघांची घरं अदलाबदल केली असती, तर बुजरा कोण झाला असता?

असे दोघं भेटणार कुठे? बहुतेक फोनवरच्या अ‍ॅपवर. तिथे विक्रमचा हसरा चेहरा, सौमित्रच्या जागी चंद्राचा फोटो. ज्यांनी ही अ‍ॅप्स वापरली आहेत त्यांना पुढचा प्रश्न ठाऊक आहे: ‘प्लेस आहे का?’ आवडनिवड, नाव, सगळं त्यानंतर. सौमित्रकडे प्लेस नाही, कधीच नव्हती. विक्रमकडे आहे, पण तिथे येणारा माणूस सकाळी उठून निघून जातो, याची त्याला सवय झालेली आहे. ओढीची सुरुवात मला इथे दिसते. एकाला दार बंद करता येईल अशी खोली हवी आहे, दुसऱ्याला त्या खोलीत थांबणारं कुणीतरी.

पार्टी करणाऱ्या मुलाविषयी थोडं थांबून बोलतो, कारण वाचकाची सहानुभूती नेहमी पुस्तकवाल्याकडे जाते. विक्रम उथळ आहे असं धरून लिहू नका. दुसऱ्या पुरुषाच्या खांद्यावर हात ठेवून, त्याच्याकडे टक लावून बघत तो आयुष्यात पहिल्यांदा उभा राहिला तो नाचाच्या जागेवर. तिथे त्याला कुणी ‘लग्नाचं काय?’ विचारलं नाही. हे ज्याला सहज मिळालं आहे, त्याने त्याला चंगळ म्हणू नये.

हा भेद खुद्द समलिंगी समाजाच्या चळवळीतही आहे. पुण्यात 2011 पासून प्राइडची, म्हणजे या समाजाने आपली ओळख उघडपणे मिरवण्याची, फेरी निघते. 2017 साली साध्या, सभ्य कपड्यांत या अशी सूचना निघाली आणि त्यावर जाहीर वाद झाला. एका बाजूचं म्हणणं, पेठेतल्या आईवडिलांना हे आपलंच मूल वाटलं पाहिजे. दुसरी बाजू म्हणाली, वर्षातून एक दिवस तरी हवे तसे नटू द्या. मी दुसऱ्या बाजूचा आहे. पण पहिल्या बाजूची भीती मला खोटी वाटत नाही. ती सौमित्रची भीती आहे, आणि ती घेऊनच त्याला संध्याकाळी घरी जेवायला बसायचं असतं.

आता या दोघांत समान काय? माझं उत्तर आहे, रात्र. सौमित्रला मी मुद्दाम आकाशाचं वेड दिलं आहे. टिळक स्मारक मंदिराच्या आवारात ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, 1944 पासून हौशी आकाशनिरीक्षकांचं काम चालवणारी. पेठेतल्या मुलाला तिथे चालत जाता येतं. आकाशदर्शन मात्र शहराच्या उजेडापासून लांब, अमावस्येच्या आसपास, रात्रभर चालतं. आणि घरच्यांनी ज्याला विनाप्रश्न परवानगी दिली आहे असं रात्री बाहेर राहण्याचं त्याच्याकडे हे एकच कारण आहे. लेखकाच्या हातात याहून मोलाची गोष्ट पडणार नाही!

मग एकदा विक्रम सोबत जातो. जानेवारीची थंडी, गावाबाहेरचं माळरान. दोन वाजेपर्यंत बाकीचे स्लीपिंग बॅगेत शिरतात. जागा राहतो तो पार्टीवाला, कारण पहाटेपर्यंत जागणं त्याच्या अंगवळणी आहे. चारच्या सुमारास ज्येष्ठेचा तांबूस तारा वर येतो. सौमित्र इतकी वर्षं तो एकट्यानेच बघत आला आहे. त्या रात्री तो बोलतो, भरभरून बोलतो, आणि विक्रम गप्प राहून ऐकतो. कुणाला सुधारायची गरज पडत नाही. बुजरा आपल्या विषयात बुजरा नसतो, आणि दंगा करणाऱ्याला शांतता नकोशी असते असंही नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने या दोघांचं प्रेम गुन्हा राहिलं नाही. 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात विवाहाचा हक्क मात्र मिळाला नाही. म्हणजे उद्या विक्रमला अपघात झाला, तर रुग्णालयातल्या फॉर्मवर नातं म्हणून सौमित्र काय लिहिणार, हा प्रश्न कथेत येऊ शकतो. माझ्या मते यावा.

घर भाड्याने मिळणं हा आणखी एक पेच. लग्न न झालेल्या मुलामुलीला सोसायटी दारातूनच परत पाठवते. दोन मुलगे म्हटलं की नाकं मुरडतात, पण नोकरीवाले आहेत, भाडं वेळेवर देतील म्हणून किल्ली मिळते. ती किल्ली मिळते ते दोघं मित्र आहेत या समजुतीवर. वॉचमनसमोर, लिफ्टमध्ये, सौमित्रची आई डबा घेऊन आली की तिच्यासमोर ती समजूत रोज सांभाळायची. कादंबरी लिहिणाऱ्याने इथे मुक्काम करावा. एका बेडरूममध्ये दुसरी गादी का अंथरून ठेवली आहे, हे आईला कोणत्या दिवशी कळतं, आणि कळल्यावर ती डबा कुठे ठेवते, यावर एक अख्खं प्रकरण होईल.

शेवटाबद्दल माझी कळकळीची विनंती आहे. यातल्या कुणालाही मारू नका. एकाचं मुलीशी लग्न लावून दुसऱ्याला मांडवाच्या कोपऱ्यात रडत उभं करू नका. सौमित्रला पीएचडीसाठी परदेशी धाडून सुटकाही करून घेऊ नका; रेडिओ खगोलशास्त्रावर काम करायला पुण्यातच राष्ट्रीय केंद्र आहे, खोडदची 30 अँटेनांची दुर्बीण आहे. त्याला इथेच ठेवा. मला त्या दोघांचं पाचव्या वर्षातलं भांडण वाचायचं आहे. शनिवार आहे, विक्रमला बाहेर जायचंय, आकाश निरभ्र आहे म्हणून सौमित्रला माळरानावर जायचंय, आणि गाडी एकच आहे.