पाणी कुठपर्यंत येतं?

नमस्कार, श्रोतेहो.

सांगलीत कुणी घर बदललं म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "पुरामुळं ना?" गेल्या मे महिन्यापासून मी या प्रश्नाला नुसती मान डोलावते आहे, कारण खरं उत्तर सांगायला वेळ लागतो. आज दहा मिनिटं मिळाली आहेत, तर सांगून टाकते. आम्ही पुरामुळं गेलो नाही. पूर तीनदा आला, तीनदा आम्ही गाळ उपसून घर धुतलं आणि तिथंच राहिलो. आम्ही गेलो ते सासूबाईंच्या गुडघ्यांमुळं. संडास मागच्या बोळात, तीन पायऱ्या उतरून. आत बांधायचा तर देवघराची भिंत पाडावी लागणार होती. त्याला आईंची तयारी नव्हती. "देवाच्या जागी ते? मी पायऱ्या उतरेन." शेवटी घरच सोडायचं ठरलं.

मारुती चौकाच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, एवढंच ते घर. १९९८ साली घेतलं. आमचं स्वतःचं असं पहिलंच. तेव्हा ह्यांनी विकणाऱ्या गृहस्थांना विचारलं होतं, पाणी येतं का? ते हसून म्हणाले, "कृष्णामाई कधीतरी पाय धुवायला येते." आम्हाला वाक्य इतकं आवडलं की पुढं काही विचारलंच नाही.

आवराआवरीला पूर्ण एक महिना हाताशी होता, आणि त्या महिन्यानंच आमची फजिती केली. पुरात काय न्यायचं हे आमच्या घरात पोरांनासुद्धा पाठ होतं. रेडिओवर कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट आहे, तो आकडा ऐकायचा. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. कोयना धरणातून विसर्ग वाढला आणि तिकडं वारणा फुगली, की हरिपूरच्या संगमावर पाणी तुंबतं आणि इकडं गावात चढायला लागतं. नदी समोरून अंगावर येईल असं नवख्याला वाटतं. ती येते गटारातून, मागच्या दारानं, चोरासारखी. आधी मोरीत बुडबुडे येतात. तेवढे दिसले की मेन स्विच बंद, खरेदीखत आणि मार्कशीटांची पिशवी ह्यांच्या खांद्याला, देव आईंच्या पिशवीत, गोळ्या-औषधं माझ्या पर्समध्ये, ज्वारीचं पोतं आणि सिलिंडर वरच्या मजल्यावरच्या काकूंकडं. पाऊण तासात घर मोकळं. चुकलं, विसरलं, असं फारसं काही होत नसे.

आणि मे महिन्यात? एका पितळी घंगाळावर आम्ही तीन संध्याकाळी घालवल्या. मोडीत द्यायचं की न्यायचं? आंघोळीला कुणी वापरत नाही, पण ते आईंच्या माहेरचं. मुलीनं फोनवरून सांगितलं, त्यात झाड लावा. आई म्हणाल्या, "घंगाळात झाड? मग बादलीत जेव." घंगाळ आलं. वीस वर्षांची दिवाळी अंकांची चळत गेली, त्याचं मला अजून वाईट वाटतं, पण माझं माहेर कुणी विचारात घेतलं नाही.

माळ्यावरून लग्नाचा अल्बम निघाला. त्याची गोष्ट सांगायला हवी. २००५ च्या पुरात पाणी आमच्या खिडकीपर्यंत आलं होतं. त्यामुळं सगळ्या गल्लीचा हिशेब पक्का झाला, की माळ्यावर टाकलं म्हणजे वाचलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आम्ही त्याच हिशेबानं अल्बम, शालू, गाद्या वर चढवून निघालो. आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आठवड्यानं दार उघडलं तर माळ्यावरसुद्धा बोटभर गाळ. अल्बमची पानं एकमेकांना चिकटलेली, सोडवायला गेलं की चेहराच निघून हातात. मला आमचा तसा राग नाही. आम्ही बेसावध नव्हतो. फक्त मागच्या पुराची पट्टी लावून नवा पूर मोजला. २०२१ ला पाणी स्वयंपाकाच्या ओट्याच्या वर वीतभर येऊन थांबलं, तर आम्हाला ते किरकोळ वाटलं. माणसाचं काय सांगावं.

सामानासाठी ह्यांनी मार्केट यार्डातल्या ओळखीच्या माणसाकडून पोती आणली. झटकून आणली म्हणे. नव्या घरी उघडतो तर उशांचे अभ्रे, पांढरी धोतरं, माझा पेटीकोट, सगळं पिवळंधमक. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या चादरींना ते गेल्या वर्षी मिळालं. अजून एका उशीवर पिवळा नकाशा आहे, सोड्यानं गेला नाही. छोट्या हत्तीच्या तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला ड्रायव्हरशेजारी आई, मांडीवर देव आणि मिठाची बरणी. गॅस, आधार, रेशन कार्ड, दूधवाला, ती कटकट सगळ्यांना ठाऊक आहे, ती सोडून देते.

सांगायचं आहे ते घर विकण्याबद्दल. एजंट एका जोडप्याला घेऊन आला. नवरा कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला, बायकोच्या कडेवर दीड वर्षाची मुलगी. घर बघून झालं, मी चहा टाकला. त्या पोरानं विचारलं, "काकू, पाणी येतं का इथं?" मी कपात साखर घालत होते, घालतच राहिले. एजंट म्हणाला, "येतं कधीतरी. दारापर्यंत."

आई आतल्या खोलीत पडून होत्या. काठी टेकत बाहेर आल्या. भिंतीवर गुडघ्याच्या वर काठी ठेवली. "दारापर्यंत नव्हे. ही २००५ ची खिडकी. हा २०२१ चा ओटा." मग काठी उचलली आणि माळ्याच्या फळीवर ठक्क करून आपटली. "आणि २०१९ ला इथं."

एजंटानं चहा अर्धा टाकला. दोन दिवस ह्यांनी घरात तोंड उघडलं नाही. बोलले ते एवढंच, की आईंच्या काठीला किती लाख पडले याचा हिशेब करून ठेवा. आई म्हणाल्या, "आपल्याला कुणी काठी दाखवली नव्हती, ते विसरलास का?"

आठ दिवसांनी तेच जोडपं परत आलं. एजंटाशिवाय. किंमत बरीच पाडून मागितली आणि आम्ही दिली. मला राहवलं नाही, म्हटलं, सगळं माहीत असून का घेताय? त्या पोराची बायको म्हणाली, "काकू, एवढ्या पैशात विश्रामबागेत आम्हाला पार्किंगसुद्धा मिळत नाही." यावर मी काय बोलणार? आम्ही तरी १९९८ ला दुसरं काय केलं होतं.

द्यायच्या आधी घराला रंग काढला. आईंनी रंगाऱ्याला दाराच्या मागची हातभर रुंद पट्टी सोडायला लावली. तिथं तीन रेघा ओढून शेजारी सालं घातली, माझ्या हातून, पेन्सिलनं. तिसरी रेघ काढायला मला स्टुलावर चढावं लागलं.

किल्ली दिली त्या दिवशी हे टेम्पोत बसून हॉर्न वाजवत होते आणि आई उंबऱ्यावर त्या नव्या मालकिणीचा हात धरून उभ्या. "आयर्विनला ४० म्हणाले की सिलिंडर वरच्या काकूंकडं. त्यांना मी सांगून ठेवलंय. ४५ ची वाट बघू नको. माळ्यावर काही ठेवायचं नाही, पापडाचा डबासुद्धा नाही." तिनं फोन काढला. "आजी, थांबा, रेकॉर्ड करते. पहिल्यापासून सांगा." आईंनी पदर सारखा केला, घसा खाकरला आणि फोनकडं बघत मोठ्यानं सुरुवात केली, "आधी मोरी बघायची…"