तवंदी घाटापलीकडचं कोल्हापूर

[दृश्य: पहाट. स्वयंपाकघर. रेडिओची खरखर, मधूनच एखादा शब्द.]

निपाणी सोडून बेळगावच्या बाजूला निघालं की तवंदीचा घाट. तो उतरून संकेश्वरच्या वाटेवर लागणारं हे गाव. चूल पेटवायच्या आधी आजी रेडिओ लावते. आकाशवाणी कोल्हापूर, एफएम १०२.७ मेगाहर्ट्झ. निम्म्या बातम्या कळतात, निम्म्या खरखरीत जातात. गावात बोलणं मराठी, पण शेताचा उतारा कन्नड, बसची पाटी कन्नड. जगाची खबर आपल्या भाषेत सांगणारा हा डबाच. त्याचा शब्द न् शब्द ऐकू यावा असं आजीला वाटतं, आणि ते रास्तच आहे.

[दृश्य: तुळईला लटकणारी जुनी एरियल.]

तांब्याच्या जाळीची ही पट्टी आजोबांनी ताणलेली. तिच्यावर मिडियम वेव्हचं सांगली केंद्र लागायचं. मिडियम वेव्हच्या लहरी जमीन धरून लांबवर जातात. एफएमच्या लहरी नजरेसारख्या सरळ. कोल्हापूर इथून सरळ रेषेत ४५-५० किलोमीटर, पण मध्ये डोंगर आहे आणि घर त्याच्या सावलीत. अशा ठिकाणी अँटेना जितकी उंच, तितकं बरं.

[दृश्य: अंगण. नातू नळी मोजतोय.]

नवी अँटेना अर्ध्या लहरीएवढी लांब हवी: १५० ला १०२.७ नं भागलं की १.४६ मीटर. त्यातून पाच टक्के वजा. म्हणजे ॲल्युमिनियमच्या दोन नळ्या, प्रत्येकी साधारण ७० सेंटिमीटर. मध्ये बोटभर फट ठेवून त्या लाकडी पट्टीवर आडव्या बसवल्या. टीव्हीच्या केबलची मधली तार एका नळीला, बाहेरची जाळी दुसरीला. या दोन्ही एकमेकींना टेकल्या तर सगळी मेहनत वाया. सांध्यावर टेप घट्ट गुंडाळली, कारण इथला पाऊस फट शोधतोच.

खांब उभा करण्याआधी नातवानं विजेच्या तारा पाहिल्या. खांब आडवा पडला तरी तारेला लागणार नाही, एवढं अंतर हवंच. इथे घाई करू नये.

[दृश्य: नातू छपरावर, आजी दारात, हातात रेडिओ.]

नळ्यांची टोकं साधारण ईशान्य-नैऋत्य, म्हणजे वायव्येकडचं कोल्हापूर समोर येतं. नेमकी दिशा मात्र कानानंच ठरते.

"आजी, आलं काय?"

"न्हाई रं. वाईच फिरीव... अजून... थांब! आता हलवू नगंस!"

निवेदिकेचा आवाज स्वच्छ. मागची खरखर पार बसलेली. नातू तिथंच नट आवळतो.

[दृश्य: खिडकीपाशी केबलचा झोल.]

केबल आत घेण्याआधी खाली झोल दिलाय, पाणी तिथूनच ठिबकतं. खांबाला जाड तारेचं अर्थिंग. तरीही वळवाचं आभाळ भरून आलं की आजी आधी अंगणातली वाळवणं आत घेते, मग रेडिओची केबल काढून ठेवते.