पणजीच्या रस्त्यांची नावे

श्रोतेहो, नमस्कार.

पणजीतील आल्तिन्यो टेकडीत मुरलेले पाणी पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते, आणि या शहरातील काही जुन्या नावांचा उगमही त्या झऱ्यांतच आहे. ‘फोंताइन्यास’ म्हणजे पोर्तुगीज भाषेत लहान झरे. ‘बोका द व्हाका’ म्हणजे शब्दशः गाईचे तोंड, अर्थात आपले गोमुख. शेजारचा मळा मात्र पोर्तुगीज अमदानीतही मळाच राहिला. ही नावे कोणा अधिकाऱ्याने ठरवली असतील असे मला वाटत नाही. पाण्याला आणि शेताला जाणाऱ्यांच्या तोंडी ती रुळली असावीत.

पणजी १८४३ साली गोव्याची अधिकृत राजधानी झाली. राजधानीच्या नावांत सत्तेचा इतिहास उतरतो, तसा तो येथेही उतरला. मुख्य चौकाला गोवा जिंकणाऱ्या आफोन्सो द आल्बुकेर्कचे नाव होते. त्याने १५११ साली घेतलेल्या मलाक्काची आठवण मलाक्का रस्त्यात आजही आहे. चौक मात्र मुक्तीनंतर आझाद मैदान झाला.

फोंताइन्यासमधील ‘३१ जानेवारी’ रस्त्याविषयी थोडे सविस्तर बोलले पाहिजे. पोर्तुगाल १६४० साली स्पेनच्या अमलातून सुटला, त्या दिवसाचे हे स्मारक आहे, असे पर्यटकांना सर्रास सांगितले जाते. पण ती घटना १ डिसेंबरची आहे. ३१ जानेवारी हा दिवस १८९१ सालचा: त्या दिवशी पोर्तो शहरात राजेशाहीविरुद्ध प्रजासत्ताकवाद्यांनी उठाव केला आणि तो त्याच दिवशी मोडून काढण्यात आला. पुढे १९१० साली प्रजासत्ताक आले, तेव्हा खुद्द पोर्तोतील एका प्रमुख रस्त्यालाही हीच तारीख देण्यात आली. गोव्याच्या दृष्टीने ही तारीख परकी नाही, कारण याच प्रजासत्ताकाने धर्म आणि शासन यांची फारकत केली आणि गोव्यातील हिंदूंना समान नागरी हक्कांची वाट खुली झाली. चुकीच्या सालामुळे हा सगळा संदर्भच पुसला जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

याच शहरात दुसरी तारीख आहे ती ‘अठरा जून’ रस्त्याची. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगावात सभाबंदी मोडून सविनय कायदेभंगाला आरंभ केला. एक तारीख राजाविरुद्धच्या बंडाची, तर दुसरी साम्राज्याविरुद्धच्या लढ्याची.

आणखी एक नाव सांगतो: कुन्या रिव्हारा. हे गृहस्थ पोर्तुगालहून गोव्यात शासनाचे मुख्य सचिव म्हणून आले. ज्या कोकणीच्या वापरावर १६८४ साली सरकारनेच बंदी घातली होती, तिच्या इतिहासावर त्यांनी १८५८ साली विस्तृत निबंध प्रसिद्ध केला आणि गोव्यातील मुलांना तिच्यातून शिक्षण मिळावे, असा आग्रह धरला. मुक्तीनंतर पणजीतील अनेक पाट्या बदलल्या, पण त्यांच्या नावाचा रस्ता तसाच राहिला, आणि तो राहिला हे मला योग्य वाटते.