ताम्रसृती १६ वरची दीर्घिका आणि वर्णपटाचा निवाडा

नमस्कार. जेम्स वेब दुर्बिणीबद्दलचं व्याख्यान म्हटलं की पडद्यावर एकामागून एक रंगीत छायाचित्रं येणार, अशी सगळ्यांची अपेक्षा असते. ती छायाचित्रं मलाही आवडतात. पण आज मी वर्णपटाबद्दल बोलणार आहे. वर्णपट म्हणजे प्रकाश तरंगलांबीनुसार फोडून, कुठल्या तरंगलांबीला किती उजेड आहे ते दाखवणारा आलेख. तो दिसायला रूक्ष असतो. एक वेडीवाकडी रेघ, तिच्यावर काही सुळके, एवढंच. तरीही अतिदूरच्या दीर्घिकांबद्दल २०२२ पासून जे काही खात्रीनं कळलं आहे, त्यातलं बहुतेक याच रेघेनं सांगितलं आहे. छायाचित्रांवरून बांधलेले काही अंदाज तिनं पक्के केले, काही पार मोडीत काढले.

आधी ताम्रसृतीचा हिशोब बघू, कारण पुढे सगळीकडे तोच लागणार आहे. दूरच्या दीर्घिकेकडून निघालेला प्रकाश वाटेत असताना विश्व प्रसरण पावत राहतं आणि प्रकाशाची तरंगलांबी ताणली जाते. ती जितके पट झाली त्यातून एक वजा करा, ती ताम्रसृती. ती जितकी जास्त, तितका प्रकाश जुना आणि दीर्घिका दूरची. म्हणजे ताम्रसृती १४ असेल तर तरंगलांबी १५ पट झाली. हायड्रोजनची लायमन-अल्फा रेषा मुळात १२१.६ नॅनोमीटरवर, अतिनील भागात असते. तिला १५ नं गुणा. ती १.८ मायक्रॉनवर (एक मायक्रॉन म्हणजे हजार नॅनोमीटर), म्हणजे अवरक्तात जाऊन बसते. हबल दुर्बिणीची नजर साधारण १.७ मायक्रॉनला संपते. तेव्हा अशी दीर्घिका हबलनं महिनोन्‌महिने टक लावून पाहिली असती तरी तिला दिसली नसती. वेबचा साडेसहा मीटरचा आरसा, पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटर दूरची जागा, उणे २३० अंशांच्या आसपासचा गारठा, ही सगळी उठाठेव अवरक्त प्रकाशासाठी आहे. दुर्बीण स्वतःच ऊबदार असेल तर तिचाच अवरक्त उजेड दीर्घिकेला झाकून टाकेल.

आता दूरची दीर्घिका छायाचित्रात ओळखायची कशी? सुरुवातीच्या विश्वात उदासीन हायड्रोजन भरपूर होता आणि लायमन-अल्फापेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश तो गिळून टाकतो. त्यामुळे एकच जागा वेगवेगळ्या फिल्टरमधून पाहिली, की काही फिल्टरमध्ये दीर्घिका अजिबात नसते आणि पुढच्या फिल्टरमध्ये एकदम उगवते. ती नेमकी कुठे उगवली यावरून ताम्रसृतीचा अंदाज येतो. युक्ती फार सुंदर आहे, पण तिच्यात एक फट आहे.

जुलै २०२२ मध्ये वेबची निरीक्षणं हाती येऊन काही दिवसच झाले होते. सीअर्स या सर्वेक्षणातल्या एका ठिपक्याची ताम्रसृती १६ च्या वर असावी, असा अंदाज आला. त्याचं नाव सीअर्स-९३३१६. महास्फोटानंतर अवघ्या २५ कोटी वर्षांच्या आतली, आणि तरीही इतकी तेजस्वी दीर्घिका! हे खरं असतं तर दीर्घिका कशा घडतात याबद्दलच्या आपल्या कल्पना मुळापासून बदलाव्या लागल्या असत्या. दोन मायक्रॉनच्या अलीकडे ती दिसत नव्हती, पलीकडे दिसत होती. गणित चोख बसत होतं.

मार्च २०२३ मध्ये तिचा वर्णपट घेतला गेला आणि ताम्रसृती निघाली ४.९. म्हणजे काळ महास्फोटानंतर सुमारे १२० कोटी वर्षांचा. हे कसं झालं, ते सांगण्यासारखं आहे. ही दीर्घिका धुळीनं भरलेली आहे. धुळीमुळे तिचा निळा भाग दबला होता. शिवाय तिच्यातल्या तापलेल्या वायूतून ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांच्या प्रखर रेषा निघतात. ताम्रसृती ४.९ असताना ऑक्सिजनची रेषा तीन मायक्रॉनच्या जवळ येते आणि हायड्रोजनची ३.९ मायक्रॉनजवळ. वेबच्या रुंद फिल्टरमध्ये या रेषांची भर अशी पडली, की दोन मायक्रॉननंतर एकदम उजेड झाल्याचा भास व्हावा. फिल्टर फक्त आलेल्या प्रकाशाची बेरीज सांगतो. तो प्रकाश सलग पसरलेला आहे की दोन-तीन सुळक्यांत एकवटलेला, हे त्याला कळत नाही. ते वर्णपटाला कळतं.

म्हणून कुणी मला वेबमधला सगळ्यात आवडता भाग विचारला, तर मी सोनेरी आरशाचं नाव घेत नाही. वेबच्या निअरस्पेक या वर्णपट घेणाऱ्या उपकरणात सुमारे अडीच लाख झडपा आहेत. प्रत्येक झडप मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी रुंद आणि त्याच्या दुप्पट लांब. हव्या त्या दीर्घिकेसमोरची झडप उघडायची, बाकीच्या बंद ठेवायच्या, आणि एका वेळी शंभराहून अधिक दीर्घिकांचे वर्णपट घ्यायचे. अडीच लाख हलते भाग अवकाशात पाठवायचे आणि त्या कडाक्याच्या थंडीत ते चालवायचे, हे धाडस होतं. ते धाडस केलं नसतं तर आजही आपण अंदाजांवरच वाद घालत बसलो असतो.

ज्या निरीक्षणांनी ९३३१६ चा दावा मोडला, त्यांनीच तिच्या शेजारच्या दुसऱ्या एका दीर्घिकेचा दावा पक्का केला. तिला मेझीची दीर्घिका म्हणतात. तिची ताम्रसृती ११.४ ठरली, म्हणजे महास्फोटानंतर सुमारे ३९ कोटी वर्षं. त्यामुळे या प्रकाराला चूक म्हणायला माझं मन तयार नाही. अंदाज उघडपणे मांडला, तपासायची सोय होताच तपासला, आणि निकाल लागला तसा स्वीकारला.

पुढचा टप्पा मात्र फार मोठा आहे. जानेवारी २०२४ मध्ये वेबनं एका दीर्घिकेवर जवळजवळ दहा तास निअरस्पेक रोखून धरलं. जेडीस-जीएस-झेड१४-० हे तिचं नाव. ताम्रसृती निघाली १४.३२, म्हणजे महास्फोटानंतर ३० कोटी वर्षंही पुरी झालेली नव्हती. तिचा प्रकाश १,६०० प्रकाशवर्षांहून मोठ्या भागात पसरलेला आहे. म्हणजे तो केंद्रातल्या एखाद्या कृष्णविवराभोवतीचा झगमगाट नसून मुख्यतः ताऱ्यांचा आहे. आणि मार्च २०२५ मध्ये, चिलीच्या अटाकामा वाळवंटातल्या आल्मा दुर्बिणींनी या दीर्घिकेत ऑक्सिजन शोधल्याचं दोन गटांनी जाहीर केलं. त्या रेषेवरून ताम्रसृती आणखी नेमकी झाली: १४.१८.

पण माझ्या दृष्टीनं त्या आकड्यापेक्षा ऑक्सिजन महत्त्वाचा. महास्फोटात हायड्रोजन, हेलियम आणि किंचित लिथियम तयार झालं. ऑक्सिजन घडतो तो ताऱ्यांच्या पोटात, आणि प्रचंड वस्तुमानाचे तारे फुटले की बाहेर पडतो. तेव्हा ही दीर्घिका आपल्याला दिसते आहे त्या क्षणापूर्वीच तिच्यात तारे जन्मले होते, जगून संपले होते आणि त्यांची राख आसपासच्या वायूत मिसळलीही होती. ऑक्सिजनसारख्या जड मूलद्रव्यांचं प्रमाण अपेक्षेच्या सुमारे दहापट आहे. २०२५ मध्येच एमओएम-झेड१४ या दीर्घिकेची ताम्रसृती १४.४४ असल्याचं जाहीर झालं, म्हणजे विक्रम पुढे सरकला. विक्रम सरकतच राहणार. पहिले तारे कधी पेटले, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर दरवेळी आणखी मागे जातं आहे.

इतक्या लवकर इतक्या तेजस्वी दीर्घिका दिसतात, मग महास्फोटाचा सिद्धांत खोटा ठरला का? नाही. हा प्रश्न इतक्या वेळा विचारला जातो, की स्पष्ट बोललंच पाहिजे. अडचण आहे ती ताऱ्यांच्या निर्मितीच्या वेगाबद्दलच्या आपल्या समजुतीत. कदाचित त्या काळी तारे लहरींनी, एकदम उसळून जन्मत असतील. कदाचित जड, प्रखर तारे जास्त प्रमाणात असतील. धूळ कमी असल्यानं उजेड अडत नसेल, हीही शक्यता आहे.

कृष्णविवरांनी या कोड्यात आणखी गुंता घातला आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सहा दूरच्या दीर्घिकांबद्दल दावा झाला. काहींत ताऱ्यांचं वस्तुमान १० हजार कोटी सूर्यांच्या आसपास भरत होतं, जे त्या वयाला झेपणारं नव्हतं. पुढे त्यांतल्या एकीचा वर्णपट आला. ती सांगितल्यापेक्षा जवळची निघाली आणि तिच्यात हायड्रोजनची रेषा रुंद होती. रेषा रुंद होते ती वायू सेकंदाला हजारो किलोमीटर वेगानं घुमत असेल तर, आणि इतकं घुमवायला कृष्णविवर लागतं. असे लहान, लालसर ठिपके आता शेकड्यांनी सापडले आहेत. कृष्णविवराभोवतीचा तापलेला वायू एरवी क्ष-किरण सोडतो, पण हे ठिपके क्ष-किरणांत मात्र बहुधा दिसत नाहीत. २०२५ मध्ये 'द क्लिफ' नावाच्या एका ठिपक्याच्या वर्णपटात इतकी तीव्र पायरी, म्हणजे उजेडात एकदम झालेली वाढ, दिसली, की ती साध्या ताऱ्यांच्या समूहानं समजावता येईना. एक सूचना अशी, की तिथे कृष्णविवराभोवती दाट वायूचं आवरण आहे आणि बाहेरून ते एखाद्या अजस्र ताऱ्यासारखं भासतं. ही कल्पना टिकेल असं मला वाटतं, पण सगळ्या लाल ठिपक्यांना ती लागू पडेलच असं नाही.

शेवटी अलकनंदेबद्दल. राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राच्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी वेबच्या निरीक्षणांतून ही सर्पिल दीर्घिका शोधली आणि २०२५ मध्ये ती जाहीर झाली. महास्फोटानंतर सुमारे १५० कोटी वर्षांत दोन सुडौल भुजा, सुमारे ३० हजार प्रकाशवर्षांचा व्यास आणि वर्षाला सुमारे ६० सूर्यांएवढी ताऱ्यांची निर्मिती! इतक्या लवकर अशी नीटस तबकडी बनेल ही अपेक्षा नव्हती. तिची ताम्रसृती छायाचित्रांवरूनच काढली आहे, पण २१ फिल्टर वापरून. त्यांतले बरेचसे अरुंद असल्यामुळे ९३३१६ सारखी फसगत होणं इथे कठीण आहे. तबकडीतला वायू शांतपणे फिरतो आहे की खळबळलेला आहे, हे मात्र कोणताही फिल्टर सांगणार नाही. तबकडीची एक बाजू आपल्याकडे येत असते, दुसरी दूर जात असते. तिच्या वेगवेगळ्या भागांचे वर्णपट घेऊन रेषा किती सरकतात हे मोजलं, की भुजा आपोआप उमटल्या की शेजारच्या एखाद्या दीर्घिकेच्या ओढीनं, हेही ठरवायला मदत होईल. वेब आणि आल्मा, दोन्हींकडून अशी निरीक्षणं घेता येतात. आता तुमचे प्रश्न घेऊ.