आत गोडं पाणी, बाहेर खारी हवा

(रत्नागिरीतल्या एका वाचनालयात पावसाळा सरल्यावर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

टेबलावर ठेवलेलं हे ग्राफिक्स कार्ड, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये गेमची चित्रं तयार करणारा भाग, माझ्या भाच्याचं आहे. जीटीएक्स १०८० टीआय, २०१७ च्या मार्चमध्ये बाजारात आलेलं. त्याने ते पुण्याहून जुनं विकत आणलं आणि इथल्या समुद्रकाठच्या मिऱ्याच्या घरी कॉम्प्युटरमध्ये बसवलं. मे महिन्यात त्याचा फोन आला. "मावशी, गेम सुरू केला की मशीन मिक्सरसारखं ओरडतं, आणि वीस मिनिटांत खेळ अडखळायला लागतो." तेव्हापासून ऑक्टोबरपर्यंत या कार्डाला पाण्याचा कूलर बसवून मी ते तीनदा तपासलं. त्याचीच हकिगत आज सांगणार आहे.

माझ्या दुरुस्तीच्या दुकानात मुलं विचारतात, "लिक्विड कूलर लावला तर किती अंश उतरेल?" या प्रश्नाला एक आकडा सांगून मोकळं होणं मला पटत नाही. तो आकडा चिपचा असतो, आणि कार्ड म्हणजे नुसती चिप नव्हे. कूलर तपासायचा तर त्याने ज्या भागाला हातही लावलेला नाही, तो भाग आधी तपासावा लागतो. हे मला या कार्डाने शिकवलं.

उष्णता किती, ते आधी समजून घेऊ. हे कार्ड पूर्ण जोरात चाललं की २५० वॅट खातं, आणि ते सगळे शेवटी उष्णता होऊन बाहेर पडतात. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता टाकतो. म्हणजे भाचा खोलीत एकटा खेळत असला तरी शेजारी आणखी अडीच माणसं बसल्यासारखी आहेत. त्यातली बहुतेक उष्णता येते या मधल्या चिपमधून. तिचं क्षेत्रफळ ४७१ चौरस मिलिमीटर, पोस्टाच्या छोट्या तिकिटाएवढं, आणि त्यात १२०० कोटी ट्रान्झिस्टर. घरातल्या इस्त्रीचा तवा हजार वॅटचा असतो, पण तो तळहाताहून मोठा असतो. एवढ्याशा जागेतून निघणारी ही उष्णता चौरस सेंटीमीटरमागे इस्त्रीच्या कितीतरी पट भरते.

ती वाहून न्यायची कशी? हवेने न्यायची आणि हवा दहा अंशांनी तापू द्यायची, तर दर सेकंदाला वीस लिटर हवा लागते. बादलीभर हवा, दर सेकंदाला. हेच काम पाण्याने करायचं तर सेकंदाला सहा मिलिलिटर पाणी पुरतं. चहाच्या चमच्यापेक्षा किंचित जास्त. बादली आणि चमचा, एवढा फरक आहे. पाण्याच्या कूलरमागचं शास्त्र एवढंच. चिपवर तांब्याची पट्टी, तिच्यावरून पंपाने फिरणारं पाणी, दोन नळ्या, आणि पलीकडे पातळ पात्यांचा रेडिएटर.

आपल्याकडे हे नवीन नाही. मिरकरवाडा बंदरात उभ्या असलेल्या कुठल्याही ट्रॉलरच्या इंजिनाकडे बघा. बोट चालवणाऱ्या एका तांडेलकाकांनी मला त्यांच्या इंजिनाशेजारी उभं करून दाखवलं होतं. आत गोडं पाणी फिरतं, बाहेरून खारं पाणी त्याला निववतं, दोघांची गाठ कधी पडू द्यायची नाही. आणि जिथे खारं पाणी लागतं तिथे जस्ताचे तुकडे बसवलेले, लोखंडाआधी गंजायला. काका म्हणाले, "इंजिन बिघडलं तर आवाज येतो. जस्त संपतं तेव्हा काहीच आवाज येत नाही." हे वाक्य पुढे सहा महिने माझ्या डोक्यात होतं.

एक गैरसमज इथेच काढून टाकते. पाण्याचा कूलर उष्णता नाहीशी करत नाही. चिपमधली उष्णता तो रेडिएटरपर्यंत नेतो, आणि रेडिएटर ती तुमच्याच खोलीत सोडतो. कार्ड २५० वॅट खात असेल तर खोलीला २५० वॅट मिळणारच. कौलारू घरातल्या माळ्यावर मशीन ठेवून "लिक्विड लावलं तरी उकडतं" अशी तक्रार करणाऱ्यांना मी एवढंच सांगते, खिडकी उघडा.

आता तपासणीकडे येते. आधी कार्ड उघडून धूळ काढली, चिपची उष्णता कूलरला नीट पोचावी म्हणून मध्ये लावतात ती, वाळून खडू झालेली पेस्ट पुसली, नवी लावली, आणि जुनाच पंखा परत बसवून मोजलं. हे करायलाच हवं, नाहीतर नव्या पेस्टने जे साधलं त्याचं श्रेय पाण्याला जातं. खोली ३२ अंश, चिप ८४. त्या आकड्याला पोचलं की हे कार्ड स्वतःच वेग उतरवायला लागतं, आणि उतरवत होतंच. पंखा थोडा शांत झाला होता, एवढाच फायदा. तरी ज्यांना नुसता आवाज कमी हवाय, त्यांनी आधी साफसफाई आणि पेस्ट एवढंच करून बघावं. पुष्कळांचं तेवढ्यावर भागतं.

मोजताना मी दोन थर्मामीटर वापरते. एक पडद्यावरचा, चिपच्या आतला. दुसरा साधा, रेडिएटरमध्ये हवा शिरते तिथे दोऱ्याने टांगलेला. लिहून ठेवते तो दोघांमधला फरक. आपल्याकडे मेच्या दुपारी खोलीत ३३ अंश असतात, जुलैत मुसळधार पावसात २७. जुना कूलर मेमध्ये मोजला आणि नवा जुलैमध्ये, तर सहा अंश पावसाने उतरवलेले असतात आणि आपण कूलरची पाठ थोपटतो. इंटरनेटवरचे आकडे बहुतेक वातानुकूलित खोलीतले असतात. तिथे बावीस अंशांत चिप पन्नासवर थांबली म्हणून मिऱ्यावर ती पन्नासवर थांबणार नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे धीर. पाणी सावकाश तापतं. पाच मिनिटं चाचणी चालवून आकडा टिपला तर तो खोटा असतो, कारण पाणी अजून उष्णता पोटात साठवत असतं. मी चाळीस मिनिटं थांबते. मध्ये लाईट गेली तर सगळं पहिल्यापासून.

पहिल्यांदा कूलर बसवला तेव्हा दोन मिनिटांत चिप ऐंशीच्या वर गेली. लगेच बंद केलं, उघडलं, आणि पेस्टचा ठसा बघितला. अर्ध्याच चिपवर उमटला होता. हा कूलर मुळात कॉम्प्युटरच्या मुख्य प्रोसेसरसाठी केलेला, तो एका पट्टीने कार्डावर आवळतात. त्या पट्टीचे स्क्रू मी एका बाजूने पूर्ण आवळत गेले होते, म्हणून तांब्याची पट्टी तिरकी बसली. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे, आळीपाळीने आवळायचे असतात, गाडीचं चाक बसवताना नट आवळतात तसे. कूलर बसवून झाला की एकदा मुद्दाम काढा आणि ठसा बघा. थोडी पेस्ट वाया जाईल, जाऊ द्या.

दुसऱ्या खेपेला नीट बसला. खोली ३२, दहा मिनिटांनी चिप ५४, चाळीस मिनिटांनी ६१. म्हणजे खोलीपेक्षा २९ अंश वर. आधी हा फरक ५२ होता, तोही कार्ड वेग उतरवत असताना. आता वेग उतरत नव्हता, आवाजही नव्हता. भाचा तर नाचायलाच लागला.

माझं लक्ष मात्र इथे होतं. चिपच्या बाजूला हे राखाडी चौकोन दिसतायत ना, त्यांच्या भागाला व्हीआरएम म्हणतात. वीजपुरवठ्याकडून बारा व्होल्ट येतात, चिपला लागतो जेमतेम एक व्होल्ट. तो हा भाग उतरवून देतो. एक व्होल्टवर दोनशे वॅट द्यायचे म्हणजे दोनशे अँपिअर. आपल्या घरच्या मीटरशेजारचा मेन स्विच बत्तीस अँपिअरचा असतो, त्यावरून अंदाज करा. जुन्या कूलरला धातूची एक मोठी पट्टी होती. ती मेमरीच्या अकरा चिपांना आणि व्हीआरएमला टेकायची, आणि वरून पंख्याचा वारा यायचा. नवा कूलर लावताना ती पट्टी निघाली. पाणी मिळालं फक्त मधल्या चिपला, बाकीचे उघडे पडले.

या कार्डात व्हीआरएमचं तापमान पडद्यावर दिसत नाही. म्हणून मल्टिमीटरची थर्मोकपलची, म्हणजे तापमान मोजणारी, तार मी कार्डाच्या मागच्या बाजूला, बरोबर त्या भागावर चिकटवली होती. पडद्यावर चिप ६१ दाखवत होती, सगळं हिरवं, आणि मल्टिमीटर १०४ दाखवत होता. तिथल्या तिथे चाचणी थांबवली. कार्ड लगेच जळालं नसतं, हे भाग पुष्कळ सोसतात. पण शेजारचे कपॅसिटर, म्हणजे वीज क्षणभर साठवणारे भाग, सोसत नाहीत. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर दर दहा अंशांमागे निम्मं आयुष्य गमावतो, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. गेम उत्तम चालला असता, आणि एक दिवस कार्ड मुकाट्याने गेलं असतं. तांडेलकाकांचं जस्त मला तेव्हा आठवलं.

मग ॲल्युमिनियमचे छोटे हीटसिंक, म्हणजे उष्णता हवेत सोडणारे पात्यांचे तुकडे, आणले, मेमरीवर आणि व्हीआरएमवर चिकटवले, आणि त्यांच्यावर नेम धरून ९२ मिलिमीटरचा पंखा लावला. व्हीआरएम ७८ वर आलं. चिप होती तिथेच राहिली. या आख्ख्या खटाटोपात मला सगळ्यात मोलाचा वाटणारा आकडा हा ७८ आहे, आणि तो कुठल्याही खोक्यावर छापलेला नसतो.

पंपाचं थोडक्यात सांगते. बंद कूलरमध्येही थोडी हवा असते, आणि वर्षानुवर्षं नळ्यांतून पाणी कणाकणाने उडून ती वाढते. हवा सगळ्यात उंच जागी जमते. ती जागा पंप असता कामा नये. रेडिएटर वर, पंप खाली.

आता मिठाचं. पावसाळ्यात आपल्या स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, म्हणून आई त्यात तांदळाचे दाणे घालते. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपण बहुतेक वेळ त्या रेषेच्या वरच असतो. वाऱ्याबरोबर समुद्राचं मीठ घरात येतं, धुळीत मिसळून बोर्डावर बसतं. उन्हाळ्यात ती नुसती धूळ असते, पावसाळ्यात तिचा वीज वाहणारा ओला लेप होतो. बारीक तारांचं तांबं हिरवं पडतं, रेडिएटरच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांवर पांढरी पूड येते.

पुष्कळ घरांत पावसाळ्यात मशीन प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवतात. मला ते चुकीचं वाटतं, दमट हवा आत कोंडली जाते. त्यापेक्षा मशीन रोज तासभर चालवा. गरम बोर्डालगतच्या हवेची सापेक्ष आर्द्रता उतरते आणि मीठ कोरडं राहतं.

मागच्या बाकावरच्या मुलाने मघाशी चिठ्ठी पाठवलीय, बंदरावर बर्फ मिळतो, तो कूलरच्या पाण्यात घातला तर? प्रश्न चांगला आहे, उत्तर ठामपणे नाही असं आहे. थंड सोलकढीच्या पेल्याला बाहेरून घाम फुटतो, तो का? हवा ३२ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर २८ अंशांच्या खालच्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. म्हणजे फक्त चार अंशांची मोकळीक. बर्फाच्या पाण्याने तांब्याची पट्टी भिजेल आणि ते पाणी थेट कार्डावर ओघळेल. साध्या रेडिएटरचं पाणी खोलीच्या तापमानाखाली कधीच जात नाही, म्हणून ते आपल्याकडे निर्धोक आहे.

राहिली ऑक्टोबरची तपासणी. खोली २९, चिप ६०, फरक ३१. मेपेक्षा दोन अंश जास्त. मशीन उघडलं तर खिडकीकडच्या बाजूला रेडिएटरच्या पात्यांवर पांढरे ठिपके होते. आणि खाली, वीजपुरवठ्याच्या झाकणावर, एक छोटा हीटसिंक पडलेला. उभ्या कॅबिनेटमध्ये कार्डाची चिपची बाजू जमिनीकडे असते, म्हणजे हे सगळे तुकडे उलटे लटकत असतात. उष्णतेने आणि दमटपणाने त्याची चिकटपट्टी सुटली होती. पडला तो कडेच्या मेमरीवरचा, आणि पडला तो झाकणावर. तारांमध्ये पडला असता तर हे कार्ड आज मी तुम्हाला दाखवू शकले नसते. आता सगळे हीटसिंक दोन भाग मिसळून लावायच्या, उष्णता वाहणाऱ्या गोंदाने बसवलेत. पाती मऊ ब्रशने साफ केली, बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला, फरक परत २९ वर आला.

भाच्याने टेबल समुद्राकडच्या खिडकीपासून उचलून आतल्या भिंतीला लावलंय. त्याने काय फरक पडतो ते बघायला मार्चमध्ये मी ते परत उघडणार आहे. कार्ड इथे समोर आहे, ज्यांना हातात घेऊन बघायचंय त्यांनी पुढे या. फक्त कडेला धरा.