तिने उत्तर दिलं'च' पाहिजे

हेवा आणि मत्सर हे शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. आज ते वेगळे ठेवू. शेजाऱ्याकडे आहे ते माझ्याकडे नाही, हा हेवा. त्यात माणसं दोन. प्रेमातल्या मत्सरात तिघं असतात: मी, माझं माणूस आणि ते हिरावून नेईल असं वाटणारं तिसरं कुणी. हे तिसरं कुणी खरोखर असावंच लागतं असं नाही. आपल्याकडे 'सवतीमत्सर' हा शब्द बाईला चिकटला. पुरुषाचा मत्सर 'काळजी' या नावाखाली खपून जातो आणि म्हणून उशिरा ओळखू येतो.

एक प्रसंग जवळून पाहू. रात्रीचे पावणेबारा. त्यानं तिला पाठवलेल्या मेसेजखाली दोन निळ्या टिका, वर 'ऑनलाइन', उत्तर नाही. त्याच्या पोटात गोळा येतो. दोन मिनिटांनी तो पुन्हा फोन उघडतो, मग तिच्या फोटोंवर कुणी काय लिहिलंय ते वाचत बसतो. सकाळी पहिला प्रश्न: 'रात्री कुणाशी बोलत होतीस?'

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये मांडलेली आणि कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवलेली विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती इथे तीन कप्पे करते. घटना: ती ऑनलाइन आहे, उत्तर नाही. परिणाम: गोळा, तपासणी, भांडण. मधला कप्पा दिसत नाही: 'तिने लगेच उत्तर दिलंच पाहिजे, नाही दिलं म्हणजे मी नकोसा झालो, आणि ते मला सहनच होणार नाही.' मत्सर या मधल्या वाक्यांतून पेटतो. त्यातला 'च' शोधायचा आणि खोडायचा. 'उत्तर आलं तर बरं वाटेल, नाही आलं तर वाईट वाटेल, पण निभावेल.' यानं वाईट वाटणं संपत नाही, सोसण्याइतकं होतं. मनातल्या मनात हे जमत नाही, वही-पेन घ्या.

त्याहून अवघड असतं तपासणं थांबवणं. फोन पाहिला की क्षणभर हायसं वाटतं, आणि त्या हायसं वाटण्यामुळेच सवय घट्ट होते. पहिले तीन दिवस काहीच बदलू नका, फक्त मोजा. दिवसाला ३० वेळा होत असेल तर पुढच्या आठवड्यात २०, मग १०. ऊर्मी आली की १५ मिनिटांचा गजर लावा आणि अस्वस्थतेला शंभरपैकी आकडा द्या. गजर वाजला की पुन्हा आकडा द्या. बहुतेकदा तो आपोआप उतरलेला असतो. सुरुवातीला काही वेळा चढतोही. 'हे माझ्यासाठी नाही' म्हणून लोक सोडतात ते नेमकं इथेच. तेव्हा आणखी १५ मिनिटं काढा.

जोडीदाराची चूक बहुधा चांगुलपणातून होते. 'घे माझा पासवर्ड, लोकेशन चालू ठेवते.' एक संध्याकाळ शांत जाते, मग कॉल लॉग हवा असतो, मग पुसलेल्या मेसेजचा हिशेब. पुराव्यानं हा संशय भरत नाही. 'मला तू हवा आहेस, पण फोन दाखवणार नाही' असं एकदा, प्रेमानं सांगणं दोघांच्याही भल्याचं.

बोलायचं तर रात्री नको, दारात चप्पल घालताना नको. एक प्रसंग, एक मागणी, वीसेक मिनिटं. 'तू नेहमीच असं करतेस' याऐवजी 'उशीर होणार असेल तर एक ओळ टाकशील?' मागणी पाळता येण्याजोगी हवी. 'त्याच्याशी बोलायचंच नाही' हा हुकूम झाला.

खरोखर फसवणूक झाली असेल, तर वहीतला 'च' खोडून ती मिटत नाही. तिथे पुढे एकत्र राहायचं का, हा प्रश्न समोरासमोर बोलावा लागतो. कुठलाही पुरावा पटत नाही, दारूचं व्यसन आहे आणि संशय पक्का, अशा वेळी वाद घालू नका. तो संशयाचा आजार असू शकतो, मनोविकारतज्ज्ञ गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक मराठीतही बोलतो. आणि हात उगारला गेला, घराबाहेर पडायला बंदी आली, तर हे मत्सराचं व्यवस्थापन राहिलेलं नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणाऱ्या स्त्रीलाही लागू आहे. मदतीसाठी महिला हेल्पलाइन १८१, तातडीची गरज असेल तर ११२.