अंगणातला उजेड : पैसे कुठं घालायचे, कुठं वाचवायचे

नमस्कार मंडळी. पंचवीस वर्षं झाली, लातूर आणि आजूबाजूच्या खेड्यांत वायरिंगचं काम करायलोय, त्यामुळं जे हातानं केलंय तेच सांगतो. बागेतली लाईट म्हटलं की लोक मोबाईलवरचे फोटो दाखवतात, हिरवळ, निळे-जांभळे दिवे, झाडाच्या बुडाशी फोकस. आपल्याकडं बाग म्हणजे काय, तर समोर तुळस, कुंपणाला जास्वंद न् कण्हेर, एखादा शेवगा, मागं हौद आणि बोअर, आणि उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर जगवलेली चार मोगऱ्याची झाडं. या बागेला तो फोटोतला उजेड लागतच नाही. लागतं काय, तर रात्री पाय कुठं पडतोय ते दिसलं पाहिजे.

म्हणून दुकानात जायच्या आधी एक करा. रात्री नऊला सगळ्या लाईट बंद करून अंगणात एक चक्कर मारा. कुठं ठेच लागते, कुठं हात चाचपडतो, गेटची कडी, पायरी, मोटारीचं बटण, तिथं तिथं खडूनं फुली मारा. साध्या घरात पाच-सहा फुल्या होतात, तेवढेच दिवे लागतात.

आणि ते खाली लावा, गुडघ्याएवढ्या उंचीला. हे मी माझ्या आईमुळं शिकलो. पावसाळ्याचे दिवस, रात्री ती मागं मोटार बंद करायला गेली. भिंतीवर वर मीच लावलेला मोठा फ्लड लाईट चालू होता, अंगण नुसतं पांढरं झालेलं, पण लाईट तिच्या पाठीमागं होती, त्यामुळं हौदाच्या पायरीवर तिचीच सावली पडली आणि त्या सावलीत मण्यार होती. शेपटी हलली म्हणून दिसली, नाहीतर पाय पडलाच असता. मण्यार रात्रीच फिरते, काळी असते, अंधारात दिसत नाही, आणि चावली तरी कित्येकदा फारसं दुखत नाही म्हणून माणूस झोपून राहतो. दुसऱ्या दिवशी मी तो फ्लड काढला आणि पायरीच्या बाजूला 5 वॉटचा एक छोटा दिवा खाली तोंड करून बसवला. उजेड दहापट कमी, पण पायरी स्वच्छ दिसते.

आता पैशाचं. आधी लोक अंगणात 500 वॉटचा हॅलोजन लावायचे. रोज पाच तास चालला तर महिन्याला 75 युनिट, हिशोबाला युनिटचे 10 रुपये धरले तर साडेसातशे रुपये. 5 वॉटचे सहा एलईडी दिवे, तेवढेच तास, महिन्याला साडेचार युनिट, म्हणजे पंचेचाळीस रुपये. त्यामुळं दिवा कितीचा यापेक्षा तो किती वर्षं टिकतो, तिकडं जास्त बघा. खोक्यावर आयपी 65 लिहिलंय का बघा, त्यातला 6 म्हणजे धूळ आत जात नाही आणि 5 म्हणजे पाण्याचा फवारा बसला तरी चालतं. आपल्याकडं मे महिन्यात वावटळ सुटते तेव्हा हा 6 किती कामाचा ते कळतं. दुसरं, व्होल्टेज बघा. 100 ते 300 व्होल्ट लिहिलेला दिवा घ्या, संध्याकाळी आपल्याकडं व्होल्टेज कुठं जातं ते तुम्हाला माहितीच आहे.

सोलरचं आता नीट ऐका, कारण इथंच लोकांचे पैसे सगळ्यात जास्त जायलेत. मागच्या महिन्यात एका ताईंनी बंद पडलेला सोलर दिवा आणला, खोक्यावर 100 वॉट छापलेलं. मी त्यांच्यासमोरच उघडला. आत मुंग्यांचं वारूळ, पॅनलवर पक्ष्याची शीट आणि धुळीचा असा थर की नखानं खरवडावा लागला, आणि बॅटरी म्हणजे बोटाएवढा एक सेल, 3.7 व्होल्ट, 1200 एमएएच (एमएएच म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप). गुणाकार करा, साडेचार वॉट-अवरसुद्धा होत नाही. खरंच 100 वॉटचा दिवा असता तर त्या सेलवर तीन मिनिटंही चालला नसता! तो चार तास चालायचा म्हणजे खरा एक-सव्वा वॉटचा होता. म्हणून सोलर घेताना वॉट विचारूच नका, लुमेन, म्हणजे उजेड किती पडतो ते विचारा आणि बॅटरी किती एमएएचची, बदलता येते का ते विचारा. बदलता येत नसेल तर घेऊ नका.

तरी मी सोलरच्या विरोधात नाही. गेटपर्यंत वायर न्यायची तर पन्नास फूट फरशी फोडावी लागते, तिथं सोलरच स्वस्त पडतो. फक्त पॅनल वेगळं आणि दिवा-बॅटरी वेगळी असलेला घ्या, पॅनल उन्हात दक्षिणेकडं तोंड करून आणि बॅटरी छज्जाखाली सावलीत. 43-44 डिग्रीच्या उन्हात बंद डब्यातली लिथियम बॅटरी भाजून निघते, दोन उन्हाळ्यात तिचा दम जातो. आणि दर रविवारी पॅनल ओल्या फडक्यानं पुसा, सकाळी, गार असताना. श्रावणात सलग झड लागली की सोलर मंद होणार, त्यामुळं पायरीचा आणि मोटारीचा दिवा सोलरवर ठेवू नका, तो मेन लाईनवरच घ्या.

मेन लाईन म्हटली की वायर आली, आणि माझा सगळा जीव या वायरीत अडकलाय. आपली जमीन काळी. उन्हाळ्यात हिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते, म्हणजे दरवर्षी ती वायर ओढते न् सोडते. वायर ताणून पुरली की दोन-तीन वर्षांत जॉईंट निखळतो. म्हणून पाईपमधून न्या, दीड-दोन फूट खोल, नागमोडी ढिली सोडा, आणि जॉईंट मातीत कधीच करू नका, जमिनीच्या वर बॉक्समध्ये करा. एका घरी टेप गुंडाळून मातीत पुरलेला जॉईंट निघाला होता, आळ्याला पाणी सोडलं की लोखंडी गेटला झिणझिण्या यायच्या आणि लेकरं त्या गेटवर झोका घ्यायची. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. त्यामुळं बाहेरच्या लाईनला 30 मिलीअँपिअरचं ईएलसीबी, म्हणजे करंट गळाला की लाईन आपोआप तोडणारं यंत्र, आणि खरं अर्थिंग पाहिजेच. दीड-दोन हजार जातात, जाऊ द्या. दिवे साधे घ्या, दोन कमी लावा, पण इथं काटकसर करू नका. एवढं जमत नसेल तर अडॅप्टर लावून 12 व्होल्टचे दिवे घ्या, त्या वायरीला शॉकची भीती राहत नाही, फक्त लांबवर नेले की शेवटचा दिवा मंद होतो.

एका काकांनी सेन्सरचं विचारलं. माणूस आला की पेटणारा चांगला, बिल वाचतं. पण तो अंगाच्या उष्णतेवर चालतो, त्यामुळं मे महिन्यात संध्याकाळी हवाच अंगाएवढी तापलेली असली की तो जवळ गेल्याशिवाय पेटत नाही. बिघडला म्हणून फेकू नका, जूनमध्ये सुधारतो.

रंग पिवळाच घ्या, 2700 किंवा 3000 केल्विन लिहिलेला. 6500 चा पांढराफेक दिवा लावला की पहिल्या पावसात पंखाच्या मुंग्या, पाकोळ्या सगळं त्यावर तुटून पडतं, मागं पाली येतात, बेडूक येतात आणि बेडकामागं साप. आणि कडुलिंबाच्या झाडावर तर दिवा टाकूच नका, तिथं साळुंक्या झोपलेल्या असतात.

शेवटी मावशींनी विचारलं, तुळशीत बल्ब बसवून देता का. मावशी, माझं मन होत नाही. तिथं तुम्ही रोज दिवा लावता, त्यावर बल्ब मारला तर ती वात दिसणारच नाही. मी वृंदावनाच्या मागं, खालच्या दगडाला एक छोटा पिवळा दिवा लावतो, बटण वेगळं देतो. वात विझली की मग तो चालू करा, म्हणजे पहाटे सडा टाकायला उतराल तेव्हा दगड दिसेल. उद्या दहाच्या सुमारास येतो, फुल्या तेवढ्या मारून ठेवा.